बिनचहाचा हंगाम

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात, अन् परत आले की लिहितात. मी गेल्या हिवाळ्यात डोंगरकडा, नरसी, हिंगोली अन् मधली एक-दोन गावं, एवढंच फिरले, तेही टेम्पोच्या मागच्या फळकुटावर बसून, पोरींच्या कोपरांचे धक्के खात. तरी लिहिते. कारण तुम्ही यातलं काहीच पाहिलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. हिंगोली नेमकी कुठं, असं विचारणारी माणसं मला पुण्यात भेटली आहेत, आणि मी त्यांना धड उत्तर दिलेलं नाही.

मी कुरुंद्यात ब्लाऊज शिवते. नवरा गेल्यावर माहेरी आले ती इथलीच झाले. भाऊ आणि वहिनी पुण्याकडं कंपनीत कामाला, म्हणून त्यांची पोरगी कावेरी माझ्याजवळ वाढली. सातवीतली पोरगी, पण उंची अशी की दारातून येताना वाकायची. शाळेच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये ती होती आणि तिच्या प्रत्येक मॅचला मी होते. जूनमध्ये भाऊ तिला पुण्याला नेणार हे दिवाळीतच ठरलं होतं. म्हणजे आम्हा दोघींचा हा एकच हंगाम उरला होता. मला त्यात काय बघायचं होतं, तर कावेरीनं टाकलेली एक बास्केट. फक्त एक. कारण अख्ख्या खेळात या पोरीनं रिंगमध्ये चेंडू म्हणून टाकला नव्हता.

कुरुंदा

आधी आमचं मैदान बघा. शाळेमागं सिमेंटचा मोठा चौक आहे, दोन्ही टोकांना लोखंडी खांब आणि रिंगा. एवढी गुळगुळीत, भर उन्हाची जागा आमचं गाव मोकळी सोडेल होय? थंडी सरत आली की शेताशेतात हळद शिजवायचे कुकर लागतात, सकाळी धुकं कुठलं आणि वाफ कुठली ते कळत नाही, आणि शिजलेली हळद वाळायला येऊन पडते ती बास्केटबॉलच्या मैदानावर.

चित्रकलेचे भालेराव सर खेळही घेतात. त्यांनी गावाशी समेट केला होता: निम्मं मैदान हळदीचं, निम्मं पोरींचं. खडूनं रेघही मारली. पण हळद काय रेघेला मानते? दिवसभर पसरता पसरता ती हळूच अलीकडं यायची. म्हणून संध्याकाळी पोरी आधी रांग धरायच्या आणि पुढं आलेली हळद घमेल्यांत भरून हातोहात पलीकडं पोचवायच्या. त्या रांगेत कुणी कुणाकडं बघत नाही. बघत बसलं तर अंधार व्हायचा. हात पुढं केला की घमेलं येतं, अंग वळवलं की पुढचे हात तयार असतात. कावेरी रांगेच्या मधोमध उभी राहायची.

मी कट्ट्यावर बसून ब्लाऊजांना हुका लावायची. उन्हं कलली की हळदीवरून येणारा उजेड पोरींच्या तोंडावर पडायचा, चेंडू पिवळा, हात पिवळे, माझ्या बोटातला दोराही पिवळा. घरी चूल पेटवायची आहे हे मी विसरूनच जायची. कितीदा तरी हूक उलटी लावली आणि उसवली.

पारावरचे बापूराव एकदा तिथून जाताना म्हणाले, "काय बाई, पोरींचे हात तर आत्ताच पिवळे करून ठिवले तुमी!"

"केले की," मी म्हटलं. "पण नवरा न्हाई, चेंडू दिलाय. तुमी बसता का खेळात?"

ते गेले. पुन्हा त्या वाटेला आले नाहीत.

डोंगरकडा

आसपासच्या शाळांच्या सरांनी मिळून रविवारच्या मॅची ठरवल्या होत्या. पहिली डोंगरकड्याला. सकाळी टेम्पो निघाला तेव्हा रस्ता दिसत नव्हता. पोरी शाली गुंडाळून एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या, आणि मी एकटी जागी. मग ऊन वर आलं आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा उघडल्या. पानांवरून दव ठिबकत होतं. इतकी हिरवी शांतता मी आमच्याकडं पाहिलेली नाही. आमच्याकडं या दिवसांत सगळं कापलेलं, खणलेलं, धुरकटलेलं असतं. मला वाटलं, टेम्पो असाच चालत राहावा, मॅच-बिच काही नको.

डोंगरकड्याच्या लोकांनी पाहुणचार मात्र लई केला. उतरल्या उतरल्या केळीचा फणा पुढं. नको म्हटलं तर आणखी एक फणा. आमची सानिया, टीममधली सगळ्यात बुटकी, तिनं किती खाल्ली ते विचारू नका. "आत्या, मना करना अच्छा नहीं लगता ना," एवढंच ती म्हणाली.

अर्ध्या वेळेपर्यंत आमच्या पोरी पुढं होत्या. मग शिट्टी झाली, बाजू बदलल्या. आणि इथं आमचं वाटोळं झालं. आमच्या पोरी सरावात एकाच रिंगेवर खेळल्या होत्या. दुसऱ्या रिंगेखाली तर हळद! बाजू बदलतात हे सरांनी सांगितलं होतं, पोरींनी माना डोलावल्या होत्या, पण पायांना कोण सांगणार? चेंडू हातात आला की साऱ्याजणी जुन्याच रिंगेकडं पळायच्या. सानिया तर वाऱ्यासारखी गेली आणि झोकात बास्केट टाकली, आमच्याच विरुद्ध. टाळ्या सगळ्यात जोरात मी वाजवल्या. शेजारची माणसं माझ्याकडं बघू लागली तेव्हा कळलं.

हरलो. हरल्याचं एवढं नाही. मॅच झाल्यावर मी चहाच्या टपरीवर कप घेऊन उभी होते, आणि मघाशी केळी वाटणारीच एक बाई म्हणाली, "तुमची ती उंच पोरगी व्हय? येवढी उंच अन् एक बी बास्केट न्हाई? उंचीचं काय लोणचं घालायचं?"

माझं डोकं म्हणजे रॉकेलची चूल, काडी लागायचा अवकाश. मी म्हटलं, "ऐका. टोकाई मायची आण घेऊन सांगते. माझी कावेरी बास्केट टाकंस्तोवर मी चहाला शिवणार न्हाई!" आणि भरला कप ओतून दिला. तो नेमका तिच्या चपलेवर पडला, पण तो काही नवसाचा भाग नव्हता.

टोकाई म्हणजे आमच्या कुरुंद्याची टेकडीवरची देवी. तिच्या नावानं सोडलेलं धरता येत नाही. टेम्पो केळीच्या बागांतून परत निघाला तेव्हा मला समजलं की मी काय करून बसले. मी दिवसाला सहा-सात कप चहा पिणारी बाई आहे.

परतताना भालेराव सरांनी एक तोड काढली. "ताई, तुमी प्रत्येक मॅचला येताच. तर आपल्याला ज्या रिंगेत टाकायचंय, तिच्यामागं उभ्या ऱ्हा. पोरी तुमच्याकडं बघून पळतील." तेव्हापासून मी पोपटी रंगाची साडी नेसून जाऊ लागले, लांबून दिसावी म्हणून. अर्धी मॅच झाली की पिशवी उचलायची आणि दुसऱ्या टोकाला चालत जायचं. टीममध्ये मलाही काम मिळालं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

नरसी

मधले रविवार आम्ही जिंकलो. पोरी माझ्या साडीकडं बराबर धावत येत होत्या. कावेरी चेंडू धरायची, वळायची, आणि देऊन टाकायची. दुसऱ्या पोरी टाकायच्या. मी रिंगेमागून घसा फोडायची, "टाक गं! टाक की!" ती माझ्याकडं बघायची आणि हसायची आणि देऊन टाकायची.

चहा सोडून माणूस कसा होतो हे सोडल्याशिवाय कळत नाही. डोकं दिवसभर ठणकायचं, पण त्यातून एक विचित्र तंद्री लागायची. शिवणयंत्राचा आवाज लांबून कुठून तरी आल्यासारखा वाटायचा. रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या घरातला आल्याचा वास माझ्या मागं मागं यायचा. नरसीला उतरलो त्या सकाळी नामदेवांच्या देवळाकडून टाळांचा बारीक आवाज येत होता, दुकानांपुढं लाह्या-बत्ताशांच्या राशी मांडणं चाललं होतं, आणि मला ते सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. वाईट नव्हतं. डोकं दुखत असूनही मला तिथून हलू नये असं वाटत होतं.

पण आपल्या मुलखात चहा नको म्हणणं सोपं नाही. बत्ताशाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी कप पुढं केला. मी नको म्हटलं.

"काहून? आमच्या घरचा चालत न्हाई का?"

"तसं न्हाई हो मावशी, सोडलाय."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"न्हाई."

"मंग आमचाच काहून नको?"

त्यांचं तोंड पडलं. शेवटी मला सगळं सांगावं लागलं. त्यांनी ते शेजारच्या हारवाल्याला सांगितलं, हारवाल्यानं रिक्षावाल्याला, आणि मी मैदानावर पोचायच्या आधी माझा नवस तिथं पोचला होता. नरसीच्या पोरी एकमेकींना विचारत होत्या, "ती चहावाली कोनती गं?" कावेरीनं ते ऐकलं. तिला मी काही बोलले नव्हते. चहा का पीत नाहीस असं तिनं विचारलं तर मी पित्त झालंय म्हणायची.

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा चेंडू स्वतः टाकला. एकदा, दोनदा, मग येईल तितक्यांदा. कुणी मोकळं असलं तरी टाकला, दोघींनी घेरलं तरी टाकला. एकही बास्केट पडली नाही. सानिया हात वर करून उभी राहायची आणि हात खाली घ्यायची. आम्ही हरलो, आणि कावेरी चेंडू तिथंच सोडून कयाधू नदीच्या बाजूला चालत गेली.

मी मागं गेले. नदीला पाणी थोडं, मधेमधे वाळू, पलीकडं एक म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. कावेरी काठावर पाय सोडून बसली होती. मी तिच्यापुढं लाह्यांची पुडी धरली. तिनं घेतली नाही.

"आत्या, माझ्यावर नवस काहून बोललीस?"

"तुझ्यावर न्हाई गं लेकरा, तुझ्यासाठी बोलले."

"माझ्यासाठी न्हाई. त्या केळीवाल्या बाईसाठी बोललीस."

खरं बोलणाऱ्या माणसाला काय बोलणार?

"मला टाकता येत न्हाई असं न्हाई," ती म्हणाली. "पण मला दिसतं ना, कोण मोकळं हाय ते. न बघता बी दिसतं. घमेल्याच्या रांगेत कसं कळतं, पुढचे हात कुठं हायेत, तसं. मंग दिसल्यावर कसं धरून ठिवू?"

"तर मग दे. मी कुठं न्हाई म्हनते."

तिनं काठावरचा एक खडा पाण्यात टाकला. मग तिचा आवाज फुटला. "अन् पुन्यात? तितं मी कुनाला पास देऊ? तितं मला कुनीच ठाऊक न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बास्केट मोजत बसले होते आणि पोरगी जूनला घाबरून राहिली होती. मी तिला जवळ ओढली. एवढी उंच पोरगी, माझ्या खांद्यात मावेना. "तितं बी मुली असतात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आम्ही दोघींनी मिळून लाह्या संपवल्या. म्हैस पाण्यातून उठली, चार पावलं चालली आणि पुन्हा बसली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता तरी आम्ही उठलो नाही.

"नवस मागं घेता येतो का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग बस बिनचहाची," ती म्हणाली आणि थोडी हसली.

हिंगोली

हरूनही आम्ही शेवटच्या मॅचला कसे पोचलो ते सरांनाच ठाऊक. हिंगोलीतलं मैदान म्हणजे थाट होता. रंगवलेल्या रेघा, बसायला पायऱ्या, आणि दोन्ही रिंगांखाली स्वच्छ मोकळी जमीन. आमच्या पोरी दुसऱ्या रिंगेखाली जाऊन नुसत्या उभ्या राहून आल्या. सानिया म्हणाली, "इधर कितनी जगा वाया जा रही है आत्या! दो क्विंटल हळद सुकेगी."

समोरच्या पोरी शहरातल्या, रंगीत बुटांच्या, उंचीला कावेरीच्या बरोबरीच्या. त्यांच्या घरचे लोक गाड्या घेऊन आलेले. आमच्याकडून टेम्पोवाला, सर आणि मी. पण टेम्पोवाल्याचा आवाज चार माणसांचा आहे. पायरीवरच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "आप रेफरी हो क्या, साडी में इधर से उधर?" मी म्हटलं, "मी खांब आहे." त्यांना ते कळलं नाही आणि मलाही समजावून सांगायला फुरसत नव्हती.

मॅचचं काय वर्णन करू? मला अजून नियम येत नाहीत. पण एक गोष्ट मला यायला लागली होती. नरसीच्या नदीवरून आल्यापासून मी चेंडूकडं बघायचं सोडून मोकळ्या जागेकडं बघत होते. कावेरीला काय दिसतं ते मला बघायचं होतं. आणि दिसायला लागलं हो! खरंच दिसतं. सगळ्याजणी चेंडूच्या मागं गर्दी करतात आणि कुठं तरी एक पोरगी अंगणात एकटीच उभी असल्यासारखी मोकळी असते. ऊन कलतं होतं, धुळीत सावल्या लांब झाल्या होत्या, आवाज सगळे विरघळले होते, आणि मी रिंगेमागं उभी राहून त्या मोकळ्या पोरी शोधत होते. इतकं छान मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं मागं. सर घड्याळाकडं बघत होते, म्हणजे वेळ संपत आली होती. आणि चेंडू कावेरीच्या हातात, थेट माझ्यासमोर, रिंगेच्या खाली. तिचं तोंड माझ्याकडं. टेम्पोवाला ओरडला, "टाक! टाक कावेरी!" सरही ओरडले. दोन उंच पोरी हात वर करून तिच्या अंगावर आलेल्या, पण ती टाकू शकली असती. पडलीही असती कदाचित. माझा चहा तिच्या हातात होता.

पण मला तिच्या पाठीमागचं दिसत होतं. सानिया, दूर, एकटी, मोकळी, दोन्ही हात पुढं करून.

मी ओरडले, "मागं! सानिया!"

माझं वाक्य संपायच्या आधीच चेंडू कावेरीच्या हातातून गेला होता. मान न वळवता, घमेलं द्यावं तसा. सानियानं घेतला, टाकला, आणि तो जाळीतून खाली आला तेव्हा शिट्टी वाजली.

पुढचं मला धड आठवत नाही. मी रडत होते आणि टेम्पोवाला माझी पिशवी हवेत उडवत होता. कावेरी धावत आली ती मला येऊन धडकलीच. "आत्या, तू तर पास दे म्हनालीस!"

"मंग? मोकळी होती ना ती."

"पर तुझा चहा..."

"मरू दे चहा."

मैदानाबाहेर टपरी होती. सगळ्यांनी चहा घेतला आणि मी आपली पाणी पीत उभी. सानियाला ते बघवेना. ती सरांकडं गेली. "सर, जिसने पास दिया, बास्केट में उसका कुछ नहीं रहता?"

"ऱ्हाते की," सर म्हणाले. "पास देणाऱ्याचं नाव बी लागतं. निम्मी त्याचीच समजायची."

"तो बस!" सानिया माझ्यापुढं उभी राहिली. "आधी बास्केट कावेरी की हुई ना, आत्या? तो आधी चाय तो बनती है."

मी सरांकडं बघितलं, मग मनातल्या मनात टोकाई मायकडं बघितलं. ती काही बोलली नाही. कावेरीनं एक कप घेतला, बशीत निम्मा ओतला आणि बशी माझ्या हातात दिली. कपातला उरलेला ती प्यायली. तिला चहा आवडत नाही. तिनं तोंड वाकडं केलं आणि तरी संपवला. चहा पाणचट होता, साखर ढीगभर. मी बशी चाटली, सगळ्यांदेखत.

"अन् उरलेला निम्मा?" मी विचारलं.

"उधारी," ती म्हणाली.

ती जूनमध्ये गेली. बस वळेपर्यंत तिचं डोकं खिडकीतून बाहेर होतं, एवढी मान तिलाच आहे. मी घरी आले आणि पोपटी साडी घडी करून ठेवली. आता मैदानावर हळद नाही, दोन्ही रिंगा मोकळ्या आहेत, आणि मी तिकडं जात नाही. चहा मी रोज घेते, पण अर्धाच कप. शेजारणी हसतात. हसू द्या. देवीचा शब्द आहे.

फोनवर ती आधी फार बोलायची नाही. शाळा मोठी आहे म्हणायची. मुली चांगल्या आहेत म्हणायची, पण ती ते कसं म्हणते त्यावरून मला कळायचं. टीममध्ये घेतलं म्हणाली, आणि पुढं गप्प. मीही विचारायची नाही.

परवा संध्याकाळी मी काजं करत बसले होते, तर फोन आला. मागं नुसता गलका.

"आत्या! आज पास दिला!"

"कुनाला?"

"रेश्मा म्हनून हाय एक. ठेंगणी हाय, सानियासारखी. पर बराबर जागेवर थांबते. मी बघितलं बी न्हाई तिच्याकडं, अन् तिनं घेतला, अन् पडली आत्या, पडली!"

सुई हातातच राहिली.

"आत्या, ऐकून राहिलीस ना? निम्मी हिंगोलीची अन् निम्मी आजची. किती झाली सांग."

"एक," मी म्हटलं.

"मंग ऊठ. भरून ठिव."

मी उठले. फोन खांद्यात धरला, पातेलं गॅसवर ठेवलं आणि कप काठापर्यंत भरून पाणी मोजून ओतलं. पाण्याला उकळी येईपर्यंत ती रेश्माबद्दल सांगत होती.